बेटातले बेट : बडी दुकाने, वाण्याची वही आणि आपण

गेल्या वर्षी आमच्या उरण परिसरात व्यापाऱ्यांची एक सभा झाली. बड्या कंपन्यांच्या साखळी दुकानांमुळे स्थानिक दुकानदार संपत चालला आहे, असा विषय होता. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून मलाही बोलावणे आले. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ‘आपले दुकान’, ‘आपला वाणी’, ‘गावाचा पैसा गावात’ हे शब्द पुन्हा पुन्हा वापरले. टाळ्या पडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी घाऊक आणि किरकोळ व्यापाराविषयी चार गोष्टी सांगितल्या आणि खाली बसलो. जे बोलायला हवे होते ते बोललोच नाही. ‘आपले दुकान’ म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न ओठांवर आला होता. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. मी गप्प राहिलो. तो राहिलेला प्रश्न आता येथे मांडतो आहे.

प्रथम जागेविषयी. उरण हे मुळात बेट आहे. करंजा बेट हे त्याचे जुने नाव. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोरा बंदर आणि मुख्य भूमीच्या बाजूला खाड्या, खाजणे व मिठागरे. बांध पडले, भराव पडले आणि भरतीच्या पाण्याने तोडलेला हा तुकडा हळूहळू जमिनीला चिकटला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि पागोटे येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल गाडी या दोन्हींचे उद्‌घाटन एकाच दिवशी झाले. या पुलावरून मालमोटारी धावतात, मोटारगाड्या धावतात. दुचाकीला आणि रिक्षाला मात्र मनाई आहे. ज्याला चार चाके आहेत त्याच्यासाठी उरण आता बेट राहिलेले नाही. म्हावऱ्याची पाटी घेऊन निघालेल्या बाईसाठी अजून मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँचच आहे.

खरे बेट पाहायचे असेल तर घारापुरीला जावे. तेही रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातच. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आणि सुमारे बाराशे माणसे. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असताना या बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात. (पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा प्राचीन स्तूप आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही, ते असो.) सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी बेटावरचा गल्लाही जवळजवळ बंद. तांदळाचे पोते, तेलाचा डबा, साबण, पाण्याची बाटली, सारे होडीने येते आणि होडीचे भाडे, हमालाची मजुरी, भिजून वाया गेलेला माल हे सगळे किमतीत मिसळते. घारापुरीचा माझा एक विद्यार्थी सांगत होता, की बेटावरचे दुकान फक्त अडल्यानडल्याचे. महिन्याचा बाजार करायला माणसे समुद्र ओलांडतात आणि ज्या दुकानात छापील किमतीपेक्षा कमी पैसे घेतात तेथून पिशव्या भरून आणतात. म्हणजे बेटावर एकही बडे दुकान नसताना बेटावरच्या छोट्या दुकानाचे गिऱ्हाईक त्याने ओढून नेले आहे.

लहान बेटाच्या अर्थव्यवस्थेची लक्षणे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दिलेली असतात. जे खाते ते पिकवत नाही. विकायला एखाद-दुसरीच गोष्ट असते, ऊस किंवा मासळी किंवा देखावा. बाकी सारे बाहेरून येते. आत आलेला पैसा फार वेळ आत टिकत नाही, तो गळतो. म्हणून अशा ठिकाणी बड्या दुकानांची साखळी आली की पहिला आक्षेप गळतीचा घेतला जातो, आणि तो खोटा नाही. समजा, मी शंभर रुपयांचा माल वाण्याकडून घेतला. त्यातले ऐंशी-पंचाऐंशी रुपये वाशीच्या घाऊक बाजारात आणि कारखानदाराकडे जाणारच. पण उरलेले पंधरा-वीस वाण्याजवळ राहतात. तो त्यातून मासळी घेतो, घर बांधताना गवंडी लावतो, पोराच्या लग्नात मांडव घालतो. तोच माल साखळी दुकानातून घेतला तर त्या पंधरा-वीस रुपयांपैकी दुकानातल्या पोरांचा पगार तेवढा मागे उरतो. नफा मुख्य कचेरीत जातो आणि तेथून भागधारकांकडे.

साखळी दुकानाला स्वस्त विकणे परवडते कसे, हेही समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण त्याला जादू समजू. शेकडो दुकानांचा माल एकदम उचलणारा खरेदीदार कारखानदाराशी भाव ठरवतो, वाणी ठरवू शकत नाही. वाणी घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतो, उधारीचे व्याज किमतीत आलेले असते. साखळीवाला रोख किंवा लवकर पैसे देतो आणि त्याबद्दल सूट घेतो. डी मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईला निघाले. शक्यतो स्वतःच्या मालकीची जागा, पुरवठादाराला लवकर पैसे आणि कमी नफ्यावर जलद उठाव, ही त्यांची रीत. मार्च २०२५ अखेर त्यांची ४१५ दुकाने झाली होती. रिलायन्सने २००६ मध्ये हैदराबादेतून सुरुवात केली. आपल्याकडे वाद झाला तो सप्टेंबर २०१२ मध्ये, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत परदेशी कंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची मुभा मिळाली तेव्हा. मोर्चे निघाले, संसदेत गदारोळ झाला. भांडवल परदेशी असावे की नसावे यावर आपण भांडत होतो तेव्हा देशी भांडवल पनवेल-खारघरच्या पट्ट्यात शांतपणे येऊन बसले होते.

जगात इतरत्र काय झाले? मॉरिशसचे उदाहरण आपल्या जवळचे आहे, कारण १८३४ नंतर तेथे गेलेल्या गिरमिटिया मजुरांत कोकणातली मराठी माणसेही होती. उसाच्या मळ्याजवळ चिनी माणसाचे छोटे दुकान असे. मजूर तेथून तांदूळ, डाळ, खारवलेली मासळी उधारीवर नेई आणि दुकानदार ते एका वहीत मांडून ठेवी. पगार झाला, हंगाम संपला, की हिशेब. ती वही मजुराच्या गळ्यातला फासही होती आणि उपासाच्या महिन्यातला आधारही. पुढे सुपरमार्केट आले, शहरांत माणसे गाडीने बाजार करू लागली आणि चिनी दुकाने एकेक करून मिटत गेली. अन्न बहुतांश बाहेरूनच येणाऱ्या त्या बेटावर कोणता माल उतरावा आणि कोणत्या भावाने, हे मोजक्या आयातदार व दुकानदार कंपन्यांच्या हाती जाऊ लागले.

येथपर्यंतचे विवेचन त्या सभेतही कोणाला खटकले नसते. परंतु ‘गावाचा पैसा गावात’ हे सूत्र मान्य करताना गाव म्हणजे कोण, हे विचारावेच लागते. वाण्याजवळ राहिलेले ते पंधरा-वीस रुपये गावात फिरतात म्हणजे कोणाच्या दारापर्यंत फिरतात? माझ्या अनुभवात ते गावकुसापर्यंत येतात आणि तेथून परत वळतात. आमची बौद्धवाडी हे प्रत्येक गावातले एक बेट आहे. बेटाची सारी लक्षणे तिला लागू पडतात. तेथे खाण्याचे काही पिकत नाही, कारण सात-बारावर नाव नाही. विकायला एकच वस्तू आहे, अंगमेहनत. तेल, मीठ, कापड, औषध, सारे बाहेरून येते. सकाळी मिळवलेली मजुरी संध्याकाळी वाण्याच्या गल्ल्यात असते. गळतीचा सिद्धांत शिकवताना मला पुस्तकातल्या बेटांची उदाहरणे कधी शोधावी लागली नाहीत. पण वाडीच्या गळतीवर आजवर कोणत्या व्यापारी मंडळाने सभा घेतली?

दुकान म्हणजे नुसता मालाचा साठा नव्हे. दुकानाला पायरी असते. १९२७ चा डिसेंबर आठवा. चवदार तळ्याचा मार्चमधला संगर झाला होता आणि बाबासाहेब पुन्हा महाडला येणार होते. परिषदेला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असे ठरवले होते, म्हणून हजारो माणसांचे धान्यधुन्य बाहेरून आणावे लागले. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने आपल्या याच किनाऱ्याने हरिहरेश्वरावरून दासगावला गेले आणि तेथून पायी महाडला. मनुस्मृतीचे दहन आपण दरवर्षी स्मरतो. त्या दिवशी महाडचा बाजार आपल्यासाठी बंद होता हेही स्मरावे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने बहिष्कार या हत्याराची नोंद केली आहे. जमीन काढून घेणे, काम बंद करणे, वाट अडवणे आणि गावच्या वाण्याने जीवनावश्यक वस्तू विकणे थांबवणे. अस्पृश्य हक्क मागू लागले की गाव वाण्याच्या तागडीकडे बोट दाखवी. विकत घेण्याचे स्वातंत्र्य ही सवर्णांना जन्मतः मिळालेली गोष्ट आहे. आपल्याला ती मागून घ्यावी लागली.

हा सारा भूतकाळ झाला असे कोणी म्हणेल. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून २००६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पाहिलेल्या गावांपैकी सुमारे ३५ टक्के गावांत दलितांना स्थानिक बाजारात आपला माल विकता येत नव्हता. जेथे दूध सहकारी संस्था होत्या त्यांपैकी सुमारे ४७ टक्के ठिकाणी दलितांचे दूध घेतले जात नव्हते. विकत घेताना होणारा अपमान आपल्या आत्मकथनांत आला आहे. विकताना होणाऱ्या अडवणुकीविषयी आपण त्या मानाने कमी लिहिले आहे, आणि माझ्या मते साखळी दुकानांचा प्रश्न नेमका येथेच येऊन ठेपतो.

स्वतःविषयी थोडे सांगतो. १९९० नंतरच्या दशकात माझे बालपण गेले. गावातल्या एका दुकानात आई मला घेऊन जाई. आम्ही पायरीखाली उभे राहत असू. आधी वर उभ्या असलेल्यांचे होई, मग आमचे. दुकानदार पुडी हातात देत नसे, फळीच्या कडेला ठेवी आणि सुटे पैसे त्याच्या बाजूला. शिवी नाही, रागही नाही; वर्षानुवर्षांच्या सवयीने हात तेवढाच पुढे येई. हाच दुकानदार पावसाळ्यात आम्हाला उधार देई, हेही सांगितले पाहिजे. लावणी संपली की कापणीपर्यंत कामे नसत. त्या महिन्यांत त्याच्या वहीत आमच्या वाडीची पाने भरत. आई लिहिता-वाचता न येणारी. वहीत काय मांडले आहे हे तिला कधी कळले नाही. दिवाळीत तो जो आकडा सांगे तो खरा. मी पाचवीत असताना तिने मला एकदा हळूच ते पान वाचायला सांगितले. मी पायरीवर चढून वाकलो, तर त्याने वही मिटली. शिकण्याचा उपयोग काय, हे मला त्या दिवशी कळले.

पंचवीस वर्षांनी, सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढून पूर्णवेळ नोकरी मिळाल्यावर, मी आईला पनवेलकडच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेलो. ती दारात थबकली. चपला काढू लागली. आत गेल्यावर तिने तुरीच्या डाळीत हात घातला, मूठ भरून वर काढली, वास घेतला आणि परत सोडली. पुढच्या डब्यातही तेच केले. मग भोवताली पाहून माझ्या कानाशी म्हणाली, “हितं कोनी इचारत नाय रं, तू कोनाची म्हून?” त्या दुकानात ती दोन तास होती. विकत घेतले थोडे, हात लावला सगळ्याला.

तेव्हा ज्या विचारवंतांना बाजारात दलितांची मुक्ती दिसते त्यांची मी टिंगल करणार नाही. चंद्रभान प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील दोन विकासखंडांत दलित कुटुंबांची १९९० आणि २००७ ची स्थिती ताडून पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाणेपिणे, लग्नकार्य, टूथपेस्ट-शाम्पू यांसारख्या वस्तूंचा वापर आणि गावातली वागणूक यांत मोठा पालट दिसला. आपल्यातले काही डावे मित्र यावर नाक मुरडतात. साबण-शाम्पूने क्रांती होते काय, असे विचारतात. त्यांनी कधी पायरीखाली उभे राहून साबण मागितलेला नाही. जेथे वस्तू स्वतःच्या हाताने उचलता येते, किंमत छापलेली असते, यंत्र सर्वांना एकच हिशेब करते, तेथे एक जुना अपमान गळून पडतो. ही गोष्ट लहान नाही.

पण ती अर्धीच आहे. त्या दुकानात आईला प्रवेश मिळाला तो माझ्या पगाराबरोबर. तेथली सूट कोणासाठी असते? महिन्याचा माल एकदम उचलायला हातात महिन्याचे पैसे लागतात, आणायला गाडी लागते, ठेवायला उंदीर-ओल न लागणारी जागा लागते. रोजच्या मजुरीवर रोजचे पावशेर तेल घेणारा त्या सुटीच्या बाहेर राहतो. गरिबाला छापील किंमत आणि पगारदाराला सूट, असा हा बाजार आहे. रेशनचे धान्य आहे, पण त्यात तेल-मीठ-मिरची येत नाही. वाडीतली चार-पाच पगारी घरे मोठ्या दुकानाकडे वळली, तसे गावातले आणखी तीस-चाळीस पगारदार वळले. आता वाण्याची उधारी कशावर चालत होती ते पाहा. दर महिन्याला रोख आणून टाकणारी घरे होती, म्हणून तो चार महिने न देणाऱ्या घरांना पोसू शकत होता. रोखीचे गिऱ्हाईक गेले आणि उधारीचे राहिले, तर कोणताही दुकानदार वही मिटणारच. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याने मिटली. आमच्या शेजारची बाई, दोन लहान मुले, नवरा खाडीवर रोजंदारीला जाणारा, तेलाची बाटली घेऊन आमच्या दाराशी आली. आईने मोठ्या दुकानातून आणलेल्या डब्यातले तेल तिला ओतून दिले. मी तेथेच बसलो होतो. त्या वाण्याने वही मिटली याचा मला लहानपणी आनंद झाला असता. आता तिच्या बाटलीकडे पाहताना, ती वही मिटण्यात माझ्या पगाराचाही हात आहे, हे मला नाकारता येईना.

दुसरी बाजू विक्रीची. आई पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुर्डूची भाजी काढून रस्त्याच्या कडेला वाटे लावून विकत असे. कातकरी बाया चिंबोऱ्या आणतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा वडखळच्या वाटेवर टांगलेल्या असतात. कोळणी सुकट, बोंबील, जवळा घेऊन वाडीवाडीला जातात. या सगळ्या व्यापाराचे माप किलो नाही, ‘वाटा’ आहे. वाट्यात घासाघीस आहे, ओळखीवर वर टाकलेली मूठ आहे, संध्याकाळी उरलेले स्वस्तात देणे आहे. मोठ्या दुकानात वाट्याला जागा नाही. तेथे माल पोचवायचा तर परवाना हवा, वेष्टन हवे, रेघांचा शिक्का हवा, ठरलेल्या दिवशी ठरलेले वजन हवे आणि पैसे हाती येईपर्यंत तग धरण्याइतके भांडवल हवे. मासळी-मटण तर काही साखळ्या दुकानात ठेवतच नाहीत; किनाऱ्यावर दुकान आणि त्यात म्हावऱ्याचा वाससुद्धा नाही. आमच्या वाडीतल्या बचत गटाने मसाला आणि पोह्याचे पापड घेऊन अशा एका दुकानाच्या व्यवस्थापकाची भेट घेतली होती. त्याने नीट बसवले, चहा दिला आणि वरच्या कचेरीचा पत्ता दिला. पायरीखाली उभे केले नाही. पण माल घेणारा माणूस त्या इमारतीतच नव्हता. तो निर्णय दूरच्या शहरात होतो.

खरेदीदार म्हणून आत, विक्रेता म्हणून बाहेर, ही स्थिती नवी नाही. बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर बाजारातल्या गुंतवणुकीसंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके थांबली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने चहाचे दुकान काढले. सवर्ण गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. शंभर वर्षांपूर्वी एका राजाला जे समजले होते ते असे, की भांडवल देऊन दुकान उभे राहते, पण गिऱ्हाईक आल्याशिवाय चालत नाही. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये ‘दलित फूड्स’ या नावाने मसाले विकायला काढले, त्यामागचा प्रश्नही हाच होता. दलिताच्या हातचे हळद-तिखट तुम्ही घ्याल का?

नोकऱ्यांचे म्हणाल, तर साखळी दुकानांत आमची मुले लागतात. कंत्राटावर, दिवसभर उभे राहून, मालाच्या पेट्या उचलत. तरीही गावच्या दुकानात त्यांना कोणी गल्ल्यावर बसवले नसते, हे खरे आहे. मात्र गल्ल्यापासून वर चढताना पुन्हा नाव आडवे येते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित नावांना बोलावणी कमी आली. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि नव्या बाजाराची सारी नोकरभरती खाजगी क्षेत्रात आहे.

मग भूमिका काय घ्यावी? ‘वाणी वाचवा’ या झेंड्याखाली बिनशर्त उभे राहणे मला जमणार नाही. मोठ्या दुकानाचे स्वागत करून घरी बसणेही जमणार नाही. माझे म्हणणे असे, की दलितांनी या वादात तिसरा पक्ष म्हणून उतरावे आणि बाजारातली जागा मागावी. गिऱ्हाइकाची आहेच, विक्रेत्याचीही. यासाठी नवे काही शोधायचे नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून द्यायचे, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य स्थान, अशी तरतूद आहे. पिढ्यान्‌पिढ्या जेथे बाजार भरतो ती जागा मोडण्यापूर्वी कायद्याला उत्तर द्यावे लागते. नव्या वसाहतींचे आराखडे होतात तेव्हा मॉलचा भूखंड असतो, ओट्यांची मंडई नसते. यावर हरकत घेता येते. गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये नायगावला ग्राहक सहकारी संस्था काढली, तिचे पुढे अपना बाजार झाले. घाऊक खरेदीचा फायदा कंपनीलाच मिळतो असा काही निसर्गनियम नाही. पाच वाड्यांनी मिळून वाशीहून तेल-डाळ आणली तर रोजच्या पावशेरालाही सूट मिळू शकेल. यात कष्ट आहेत, हिशेबाची भांडणे आहेत, आणि आपल्या सहकारी संस्थांचा इतिहास फार उज्ज्वल नाही हेही मला माहीत आहे. साडेबारा टक्के योजनेतले भूखंड मुख्यतः जमीनमालकांना मिळाले. म्हणून दुकानाचा गाळा हा आमच्यासाठी भांडवलाच्याही आधीचा प्रश्न आहे. सिडकोच्या आणि नगरपरिषदेच्या गाळ्यांत भूमिहीनांना वाटा का नको?

आमच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी या पावसाळ्यात एक साधे काम हाती घेतले. तीन बाजारांत रस्त्याकडेला बसणाऱ्या बाया मोजल्या. कोणत्या वाडीच्या, काय विकतात, किती वर्षे त्याच जागी बसतात, बसण्याचे पैसे कोण घेतो, पावती देतो की नाही, हे लिहून काढले. घारापुरीच्या त्या विद्यार्थ्याने आपल्या बेटावरच्या दुकानांची आणि पायऱ्यांवरच्या विक्रेत्यांची यादी केली. एका बाईने मुलांना विचारले, नाव लिहून घेता, ते कशाला, उठवायला? मुलांना उत्तर देता आले नाही. त्यांनी लिहिलेले पान तिला वाचून दाखवले आणि एक प्रत तिच्याजवळ ठेवली. त्या यादीवरून एका नगरपरिषदेकडे समितीच्या निवडणुकीसाठी अर्ज दिला आहे. अर्जावर एकशे चौदा सह्या आणि अंगठे आहेत. पोच घेतली आहे.